मामाची थोरली पोरगी

कप ठेवा खाली, ताई, आन् पुन्हा एकदा सांगा — माझ्या रगतात दोष न्हाई, व्हय ना? बराबर ऐकलं ना मी? बालाजीत हाय, आमच्या शिवकन्येत हाय, दोघायकडून एक-एक बिघडलेलं जनुक त्यायच्या राजनंदिनीत आलं, म्हणून एवढ्याशा लेकराला दिवस मावळला की दिसत न्हाई. आन् मी शिवकन्येची सख्खी थोरली बहीण — माझ्यात न्हाई! मीच म्हणले होते तुमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईला, सगळ्यायचं रगत घेता तर माझं बी घ्या. काहून? असंच. मावशीला काळजी नसती का?

न्हाई, असंच न्हाई. तुमी काय, आत्ता हिंगोलीला निघून जासाल, म्हणून बोलून राहिले. बालाजी आमच्या आत्याचा पोरगा. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क — आन् मामाच्या पोरी दोन. आत्यानं साडी आणली ती माझ्यासाठी, आन् ह्यानं बोट केलं धाकटीकडं. गोरी ना ती! तीच साडी तिला नेसवली, निऱ्या घालायला मला बसवलं. मला दिलं पुसेगावला, तिथं निभलं न्हाई, आले माघारी — आन् आता रोज ह्या दारातून बघायचं, ती त्याच्या गाडीवर मागं बसून सेनगावला चालली, खांद्यावर हात ठेवून. जळते मी, ताई. खोटं कशाला बोलू?

त्या जनुकाचं मघाशी सांगितलं ना — एमईआरटीके का काय — डोळ्याच्या पडद्यामागं रोज कचरा पडतो, तो ओळखून उचलणारंच त्याच्यातून बनत न्हाई, मंग कचरा साचून साचून नजर जाती. हसू नका, पर शिवकन्येच्या घरात झाडू बी दुपारीच लागतो! म्हंजे त्यानं मला केली असती — माझ्याकडून चांगलंच गेलं असतं, एक चांगलं असलं तरी पुरतं म्हणले ना तुमी? — तर लेकराला दिसलं असतं. चला. आत्ता चला माझ्यासंगं, दोघायच्या तोंडावर सांगा हे. त्याचं तोंड बघायचंय मला. लई वाट बघितली.

काय? दुसरं लेकरू कसं? लेकरू हेच, डोळे तेवढे चांगले — न्हाई? माझं झालं असतं ते येगळंच असतं? मंग राजनंदिनी… झालीच नसती?

काय बाई बोलता. शिकवणीहून येताना ती आईला हाक मारत न्हाई, ताई. कोपऱ्यावर उभी राहून मलाच मारती — मावशी, अंधार पडला. मी हात धरून आणते, तवा शिवकन्येचं तोंड बघा कसं उतरतं. ह्या गल्लीत तेवढं एकच माझं हाय, आन् तुमी म्हणता —

जा तुमी. जीप निघून जाईल. आन् माझ्या रगताचं कोणाला सांगू नका, त्याला तर बिलकुल नका. जा म्हणले ना, पोरगी उभी असंल तिथं.