दीड फूट माती

जबाब देणार: खाली सही करणारी, वय ४४, शिक्षण रसायनशास्त्रातील पदवी, धंदा भाजीपाल्याची शेती, राहणार कालव्याच्या पुलापलीकडे, शेतातील घरात.

मी आज गुरुवार, तारीख १८ रोजी सकाळी साडेदहा वाजता ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, वरील ठिकाणी मी अकरा वर्षांपासून एकटी राहून शेती करते. जमीन दोन एकर असून वडिलांच्या पश्चात माझ्या व थोरल्या भावाच्या नावे सामाईक आहे. भाऊ शहरात राहतो. त्याला ती गोदामासाठी विकायची आहे, मला विकायची नाही. चालू शेतजमिनीवर बांधकामाला परवानगी मिळत नाही. कृषी कार्यालयाने ती नापीक ठरवली तर मिळते. भावाने तसा अर्ज केला असून तपासणी येत्या सोमवारी आहे.

दरवर्षी मी जमिनीचा एक तुकडा विसाव्याला ठेवते. त्यात कडधान्य पेरते, फुलावर आले की कापून मातीत गाडते, आणि कोणी त्यावर पाय देऊ नये म्हणून भोवती चुन्याची रेघ मारते. यंदा तो तुकडा पाऊण एकराचा होता. शेतातली सर्वांत चांगली माती कुठे आहे हे त्यामुळे कोणालाही लांबूनही दिसत होते. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवे होते.

मंगळवारी, तारीख ९ रोजी मी बियाण्यांच्या मेळाव्यासाठी परगावी होते. सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी मला खोदाई यंत्राच्या चालकाचा फोन आला. वेळ माझ्या रोजच्या डायरीतून सांगत आहे. तो म्हणाला, "ताई, मशीन लावलंय. रेघेच्या आतलं काढायचं ना? म्हटलं, एकदा विचारून घ्यावं." रेघेलगतचा पाण्याचा चर उपसून देतो, असे भावाने महिन्यापूर्वी कबूल केले होते. चालक त्याच कामाला आला, असे मी धरून चालले. मी म्हणाले, "भावानं सांगितलंय ना, मग तो सांगेल तसं करा." एवढे बोलून मी फोन ठेवला. समोर एक बाई घेवड्याचे जुने वाण दाखवत होत्या, माझे लक्ष तिकडे होते.

हा मजकूर लिहून घेताना अंमलदार साहेब म्हणाले, "बाई, हे कशाला घालता? तुमचीच केस ढिली पडेल." मी म्हणाले, "घडलं ते असं घडलंय. चालकाला खोटं पाडून मला केस नको." त्या माणसाने निदान विचारले तरी होते.

बुधवारी दुपारी चार वाजता परत आले. रेघेच्या आत दीड फूट खोल खड्डा होता. तळाला पिवळा मुरूम, त्यावर यंत्राच्या दातांचे ओरखडे. चुन्याची रेघ कडेने शाबूत होती. चराला हात लागला नव्हता.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, मातीचं काय एवढं घेऊन बसलीस? जमीन आहे तिथंच आहे. मोजून घे, इंचभर कमी भरायची नाही." आणि हसला. मग म्हणाला, "शिवाय ड्रायव्हरला हो तूच म्हणालीस की."

माती कुठे टाकली हे चालकाने मला स्वतःहून सांगितले. शनिवारी, तारीख १३ रोजी सकाळी नऊ वाजता मी त्याने सांगितलेल्या, शहरातल्या नव्या वसाहतीत गेले. माती तिथल्या हिरवळीखाली पसरलेली होती. हिरवळीवर तणनाशक मारले होते, त्याचा वास फाटकापर्यंत येत होता. फरशीवर बाहेर आलेली गांडुळे मरून चिकटली होती आणि एक झाडूवाली ती खराट्याने खरवडत होती. ती म्हणाली, "चार दिवस झाले, रोज टोपलंभर निघतायत. किळस येते हो." वाफ्यात रोवण्यासाठी मी करते तशी पत्र्याची पट्टी मला कडेला सापडली. तीवर माझ्या अक्षरात 'पालक, वाफा ७' असे लिहिले आहे. पट्टी सोबत जमा करत आहे. ती उचलताना व्यवस्थापक धावत आले आणि म्हणाले, "मॅडम, लॉनवर पाय नको. एकदम भारी माती टाकलीय खाली."

भावाचे घर त्याच वसाहतीत, हिरवळीसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. तो गॅलरीतून म्हणाला, "आलीच आहेस तर वर ये." मी गेले. वहिनीने चहा दिला. तिने खिडकी लावून घेतली होती, खालून वास येतो म्हणून. भाऊ म्हणाला, "बघ, तुझ्याच मातीनं आमची बाग फुलणार. घरातली वस्तू घरातच राहिली." मी तो चहा प्यायले, हेही लिहून घ्यावे. घरी येऊन चूळ भरली तरी तोंडातून ती चव गेली नाही.

भावाच्या अर्जाची प्रत मला काल कृषी कार्यालयात मिळाली. त्यात लिहिले आहे की, 'सदर जमिनीवर सुपीक थर शिल्लक नाही.' अर्जावर तारीख २ आहे. माती ९ तारखेला गेली. म्हणजे आधी लिहून ठेवले आणि मग तसे करून दाखवले.

सोमवारच्या तपासणीआधी ही तक्रार कृषी कार्यालयात पोहोचावी, एवढीच माझी मागणी आहे. माती परत आणून टाका, असे मी म्हणत नाही. त्यावर जे मारले आहे, त्यानंतर ती मला नको.

साहेब म्हणाले, "तपासणी तक्रार न नोंदवताही थांबवता येईल. घरचं माणूस आहे, एकदा कागदावर आलं की मागं फिरता येत नाही. विचार करा." मी बाहेरच्या बाकावर वीस मिनिटे विचार केला. माझा राग मातीसाठी आहे की तो हसला म्हणून आहे, हे मला नक्की सांगता येणार नाही. अर्जावरची तारीख मात्र राग कशासाठीही असला तरी तीच राहते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात आरोपी म्हणून 'अज्ञात इसम' असे लिहिले होते, तेवढे सोडून बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. ते दोन शब्द मी खोडले आहेत, वर माझ्या हाताने 'माझा सख्खा थोरला भाऊ' असे लिहिले आहे, आणि खाडाखोडीशेजारी सही केली आहे.