उंबऱ्यावरचा कप

उल्का : फोटो मोठा कर जरा. हे कप कोणी धुतले?

मैत्रेयी : मावशी, तू मठ बघतेयस की मोरी? ती कमान बघ, हजार वर्षांची आहे.

उल्का : असेल. पण तीन कप पालथे घातलेत नि खाली पाणी निथळलंय. फोटो कधीचा?

मैत्रेयी : दोन वर्षांपूर्वी मीच काढला. सर्व्हेला गेले तेव्हा, खिडकीतून.

उल्का : नि रिपोर्टात काय लिहिलंस?

मैत्रेयी : निर्मनुष्य. अगं, युद्धानंतर सगळं गावच उठून गेलेलं. किती दार वाजवलं, हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही.

उल्का : किती वाजता?

मैत्रेयी : सकाळी. त्या मठातल्या ख्रिस्ती जोगिणी दुपारपर्यंत मौन पाळतात, हे मला नंतर कळलं.

उल्का : म्हणजे आतच होत्या. तुझ्या हाका ऐकत.

मैत्रेयी : नको ना असं बोलूस. रोज रात्री तेच दार दिसतं मला.

उल्का : आज त्या हॉटेलात करारावर सही होणारेय ना, ती कशावर?

मैत्रेयी : जमीन एका देशाची, चर्च दुसऱ्याचं. वर्षभर भांडले, म्हणून तिऱ्हाईत जागी, इथे सिंगापूरला आले. कलम चार : 'निर्मनुष्य वास्तूचं संग्रहालय म्हणून जतन.' शब्द माझा.

उल्का : संग्रहालयात प्रार्थना?

मैत्रेयी : नाही. राहायलाही बंदी. त्या आत असल्याच तर घुसखोर ठरतील.

उल्का : वा! भिंती तेवढ्या वाचल्या.

मैत्रेयी : आता तोंड उघडलं तर सगळं फिसकटेल. माझं पोस्टडॉक जाईल, मग इथे राहायचा पास, मग तुझ्याकडची ही खोली.

उल्का : खोलीचं सोड. तू गेलीस तरी मी तिला निर्मनुष्य म्हणणार नाही.

मैत्रेयी : आणि त्या आता नसतीलच तर?

उल्का : नसतीलही. कोणीतरी जाऊन बघू दे. दुपारनंतर.

मैत्रेयी : साडेदहा झाले, सही अकराला. इथून, सेंगकांगहून एमआरटी मेट्रोनं हॉटेलात पोचेपर्यंत...

उल्का : तुझ्या साहेबांना फोन कर गं बाई!

मैत्रेयी : (फोनवर) डॉक्टर लिम? कलम चारमध्ये एक शब्द चुकलाय. माझाच. हो, आत माणसं होती. पुरावा आहे... तीन कप. ओले. फोटो पाठवते.

उल्का : काय म्हणाले?

मैत्रेयी : म्हणाले, सही थांबवतो, सगळे फोटो पाठव. थांब... हा निघतानाचा. उंबऱ्यावर बघ.

उल्का : चौथा कप. भरलेला.

मैत्रेयी : मला वाटलं, पावसाचं पाणी साचलंय.

उल्का : तू पोचलीस तेव्हाच्या फोटोत उंबरा रिकामा आहे.

मैत्रेयी : मावशी...

उल्का : बोलायचं नव्हतं गं त्यांना. तरी पाणी विचारलं तुला.