कानातला गळ

जंगलाच्या फाटकाजवळच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या कानात मासे पकडायचा गळ रुतला होता आणि गळाचा दोरा खिडकीतून बाहेर गेला होता.

"डॉक्टरांना सांगू नका हं, गळ मी टाकला म्हणून."

"मग काय सांगू? मासा समजून मीच कान पुढे केला?"

"तंबू घेऊन जंगलं फिरू या, अशी गळ कोणी घातली होती?"

"गळ घातली मी. गळ टाकलास तू. आई गं!"

"परत ओढलं का त्यानं?"

"ओढलं! तासभर सांगतोय, पर्समधली कात्री काढ आणि दोरा काप."

"आणि गळाची काठी? माझ्या बाबांची काठी आहे ती. दोरा कापला की माकड ती घेऊन पसार होईल."

"म्हणजे माकडाला मी कानानं धरून ठेवायचं?"

"थोडा वेळ. गाडीच्या टपावर शांत बसलंय बिचारं."

"मला कधी बिचारा म्हणाली नाहीस."

"तुम्ही कधी शांत बसलात?"

"तीन जंगलं फिरलो, एक मासा नाही. पुन्हा जंगलाचं नाव काढणार नाही. कानाला खडा!"

"दुसऱ्या कानाला लावा. हा अडकलाय."

नर्सनं फॉर्म पुढे ओढला.

"पेशंटबरोबर कोण आलंय?"

"मी, बायको."

नर्सची नजर दोऱ्यावरून सरकत खिडकीबाहेर गेली.

"आणि ते?"

"ते हिच्या माहेरचं," नवरा म्हणाला. "लग्नापासून कान ओढतंय."