जरीवाली काकू

काल भांडुपला प्रेमाताईंची चाळ जळाली, तेव्हा त्या भाचीच्या लग्नाला गोरेगावात होत्या. आज लग्नात नेसलेल्या त्याच जरीच्या साडीत त्या शाळेच्या पटांगणात चादरीसाठी रांगेत उभ्या होत्या. रांग हलायचं नाव घेत नव्हती. पुढे टेबलापाशी मदतसंस्थेची गंधाली आणि चॅनेलचा मिहिर बोलत होते, रांगेला जणू कानच नाहीत.

“वाटप का थांबवलंयस गं?”

“तुझा कॅमेरा यायचा होता ना. आधीच वाटून टाकलं असतं तर तू दाखवलं काय असतंस?”

“तेही खरं.”

“आणि चादरीवरचं आमचं नाव नीट दिसू दे. मागच्या वेळी तू नुसती माणसंच दाखवलीस.”

“दाखवतो यार. पण ती जरीवाली काकू मागे घे ना. लोक म्हणतील, हिला कसली मदत?”

“हो रे, घर जळलेल्या वाटतच नाहीत.”

प्रेमाताई पुढे झाल्या.

“मग साडी बदलून येऊ का?”

“प्लीज, काकू. घरी एखादी साधी असेल ना?”

“होती. कालपर्यंत.”