दिवाणावरची पिवळी चिठ्ठी

आता तुम्हीच सांगा, पिठाच्या गिरणीत उभं राहून कुणी अर्धी गोष्ट सांगतं का? गोजरबाई माझ्या कानाला लागली अन् म्हणे, "विमलच्या घरात सगळ्या सामानाला चिठ्ठ्या लागल्यात, टेम्पो बी ठरलाय, आता ते..." अन् नेमकी तेव्हाच गिरणी सुरू झाली! घर्रर्र! मी म्हणतेय, "ते काय? अगं, ते काय?" तिचे नुसते ओठ हलून राह्यले. गिरणी थांबली तोवर बया डबा घेऊन पसार! आता मला काय करायचंय म्हणा लोकांच्या घरात डोकावून... पण विचारलेलं बरं असतं की न्हाई?

विमल म्हणजे माझी शेजारीण, भिंतीला भिंत. जुन्या जालन्यातली आमची गल्ली अशी, की इकडं कुकरची शिट्टी झाली की तिकडची बाई गॅस बंद करती! वीस वर्षं झाली, माझा चारचा चहा विमलकडं. तिच्या बैठकीत, खिडकीजवळच्या दिवाणावर. कुणाकडं पाहुणे आले, कुणाच्या पिशवीत काय हाय, सगळं बराबर दिसतं तिथून! अन् ही बाई मला न सांगता गल्ली सोडून चालली? तिच्या नवऱ्याची, मुकुंदरावांची बदलीच झाली असंल, पुण्याला! अहो, तिकडं शेजारीण आधी फोन करून येती म्हणे! विमलला करमंल का? मला करमंल का?

पिठाचा डबा ओट्यावर आदळला अन् जल्दी जल्दी तिच्या घरात घुसले. काय सांगू तुम्हाला... खरंच चिठ्ठ्या! फ्रिजला चिठ्ठी, मिक्सरला चिठ्ठी, पंख्याला सुद्धा! काही पांढऱ्या, काही पिवळ्या. मला रडूच फुटलं.

"विमल, नको गं जाऊस! मी सकाळच्या पारी येणार न्हाई, तुझ्या भाजीला नावं ठेवणार न्हाई..."

विमल झारा घेऊन बाहेर आली. "कौसावहिनी, कुठं जाऊ? मी तर चिवडा करून राह्यले!"

तेवढ्यात तिची स्वरा आली, सातवीतली पोर, हातात गोंदाची बाटली. "काकू, शाळेत दर शनिवारी पैशाचा तास सुरू झालाय. धर्मराज सर म्हणाले, घरातल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावून या. पांढरी म्हणजे गरज, पिवळी म्हणजे हौस. काही घ्यायच्या आधी हेच विचारायचं. मंग खर्चा आपोआप आवरतो."

अहो, आमच्या शाळेत व्याजाची गणितं होती, पण ती सगळी कुण्या परक्या सावकाराची! आपल्या घरातला पंखा गरजेचा का हौसेचा, कुणी विचारलंच न्हाई! मला तर चेवच आला. निघाले पोरीच्या मागं. मला काय करायचंय... पण विचारलेलं बरं.

"मिक्सर?" "गरज."

"आतला दुसरा टीव्ही?" "हौस."

मुकुंदराव आतून ओरडले, "मॅचला लागतो तो!"

"पप्पा, मॅच पहिल्यावर बी दिसती."

आतून टीव्हीचा आवाज बारीक झाला! मंग पोरगी पैठणीच्या कपाटाकडं वळली, तशी विमल झारा उगारून आडवी. "तिथं चिठ्ठी लावशील तर याद राख!"

"मम्मी, हौस वाईट नसती. फक्त तिला गरज म्हणायचं न्हाई."

काय बोलली! बिलकुल हुशार माणूस असंल तो सर! अहो, हे मला कुणी येळेवर सांगितलं असतं, तर माझ्या माळ्यावर इडलीची भांडी अशी ओळीनं बसली असती का?

मंग मी म्हणलं, सगळं इथंच राहून राह्यलंय, तर टेम्पो कशाला? विमल हातातल्या झाऱ्याकडंच बघून राह्यली.

"वहिनी... दिवाण द्यायचाय. स्वराला अभ्यासाचं टेबल लावायचंय, खिडकीजवळ उजेड चांगला हाय. आष्टीच्या मावशींनी घेतला."

दिवाण! वळून बघते तर त्याच्या पाठीवर पिवळी चिठ्ठी!

"हौस? अगं पोरी, वीस वर्षं मी रोज बसते त्याच्यावर!"

"काकू, मी आठवडाभर लक्ष ठेवलं. त्याच्यावर फक्त तुम्हीच बसता."

टेम्पो आला, दोघांनी उचलला, माझ्या डोळ्यांदेखत खिडकी मोकळी झाली. म्हणजे गोजरबाईचं अर्धं खरंच होतं बरं का! विमल कुठं चालली नव्हती... माझी जागा चालली होती. चहा उभ्यानंच प्याले. स्वरा मागून पदराशी काहीतरी खुडबुड करून राह्यली, मला वाटलं पोर लाडात आली.

घरी येऊन पदर झटकते तर चिठ्ठी! माझ्यावर! अन् पांढरी हो, पांढरी! गरज! टीव्ही पिवळा, दिवाण पिवळा, अन् मी पांढरी! नाचायचीच बाकी होते! तोच खाली बारीक अक्षर दिसलं, चष्मा लावला अन् वाचलं:

"पण रोज न्हाई."

मंग आता काय... एक दिवसाआड जाते. उभीच.