भिंतीकडे वळलेली खुर्ची

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते. आत त्याच्या आईची दाढ काढत होते, आणि त्याच्या मांडीवर त्याच्या ॲनिमेशन फिल्मची चित्रं होती.

“तुझ्या या फिल्ममध्ये कुणीच बोलत नाही?”

“एक खुर्ची आणि एक स्टूल. काय बोलणार?”

“मग खुर्चीला राग आलाय हे कसं कळायचं?”

“ती जराशी भिंतीकडे वळते. बास.”

“आई अशाच वळतात. मी भाजीत मीठ घातलं की.”

“अगं, खुर्ची आहे ती.”

“पाठीवर त्यांची शालसुद्धा आहे.”

“काहीतरी टाकायला हवं होतं.”

“आणि तिच्या मागे मागे सरकणारं हे स्टूल म्हणजे मी.”

“सगळ्यांना आवडतं ते स्टूल.”

“तीनच पाय दिलेस मला.”

“तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही. तुझा विचार करूनच काढलंय.”

“आईंनी पाहिलं तर?”

“तिला काय कळणार? एक शब्द नाहीये त्यात.”

दार उघडलं. आई बाहेर आल्या. तोंडात कापसाचा बोळा, अंगावर शाल.

“संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही,” आतून डॉक्टर म्हणाले.

आईंनी चित्र पाहिलं. शाल सारखी केली. मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन उभ्याउभ्याच स्टुलाला चौथा पाय काढला.

“आई, अहो, कशाला,” सुनेचा आवाज एकदम मऊ झाला.

“थांब,” तो म्हणाला. “नीट बघ.”

चौथा पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा नखभर आखूड होता.