हातभर अंतरावरचा बॉल

मी इथलीच, भाऊ. ब्रह्मपुरीच्या पलीकडं, वैनगंगेच्या काठावरचं आमचं गाव, बाबा धानाच्या मिलमधी हमाली करत, माय धानाच्या रोवन्याले जाये, अन् मी एकटीच पोरगी म्हनून त्याईनं मले कॉलेजात टाकलं. शिकून बी नोकरी काई लागली नाई. आमच्या विहारात एक भंतेजी होते, ते जपानात राहून आलेले, त्याईच्यापाशी मी जपानी बोली शिकली. कायले शिकली म्हनाल तं काई कामच नोतं म्हनून शिकली.

मंग जपानातून बुद्धाची मूर्ती आली, तिच्यासंग तिकडची मानसं आली, अन् त्याईचं बोलनं गावाले सांगाचं काम माह्याकडं आलं. त्यातला एक जन मांडवात सगळ्याईच्या मांगं बसला होता, डाव्या हातानं उजवा हात दाबत. भंतेजी म्हनले, हा गोल्फ खेळनारा हाय, पोट भराचा धंदा तोच, टीव्हीवर दाखवत त्याले, आता सारं सुटलं, त्याच्या मायनं मनाले शांती भेटन म्हनून इकडं धाडला. गोल्फ म्हनजे काय ते मले तवा मालूम बी नोतं. बाकीचे परत गेले, हा विहाराच्या खोलीत राह्यला.

नाव मसारू. बाप गोल्फ शिकवनारा, जाळी लावलेल्या मैदानात लोकायले बॉल माराले शिकवे, अन् पोराले शाळेच्या अगोदर, बर्फ पडून राह्यला असला तरी, हातात काठी दे. खेळ म्हनजे काय, भाऊ, काठीनं बॉल मारत मारत दूरच्या भोकात पाडाचा, असं एकामांगं एक भोक, ज्याले कमी टोले लागले तो जिंकला, बस एवढंच. पन त्याच्यावर मानूस जगते अन् त्याच्यावरच मरते. परीक्षा पास होऊन मसारू धंदेवाला खेळाडू झाला, गावोगावच्या स्पर्धा खेळला, एक मोठी स्पर्धा जिंकला, बापानं तो फोटो जेवनाच्या खोलीत टांगला. अन् मंग एक दिवस काय झालं, बॉल भोकापासून हातभर दूर, लहान लेकरू पाडन असा, अन् उजवा हात आपोआप झटकला. बॉल भलतीकडं. दुसऱ्या स्पर्धेत पुन्हा तसंच. लांबचे टोले सोन्यासारखे, अन् हा हातभराचा आला का हात झटके. कोनी म्हने ध्यान कर, कोनी म्हने काठी बदल, कोनी म्हने दारू कमी कर, पेतच नाई तं कमी काय करन. बाप म्हनला, हात चांगला हाय, तू भित्रा हायस. हळूहळू नाव खाली गेलं, स्पर्धेत उतराचा हक्क बी गेला, अन् बापाच्याच जाळीत दुसऱ्याईनं मारलेले बॉल येचाले लागला. हे सारं मसारूनं मले विहाराच्या पायरीवर बसून सांगतलं, अन् बापाचं ते बोलनं सांगताना मान खाली घातली, तवाच मले वाटलं, ह्या मानसाले असं सोडून द्याले नाई पायजे.

मले याच्यासंग लग्न कराचं हाय म्हनून बाबाले सांगतलं तं बाबा घाबरले. म्हने, दूर देशचा मानूस, उद्या उठून गेला तं कुठी धुंडू त्याले? मंग काई दिवस नुसते पाहत राह्यले, वंदनेले येळेवर बसते, आपलं ताट आपन धुते, तं म्हनले, हो म्हन बाई. लग्न विहारातच झालं. तवापासून मी त्याईले हे म्हनते, तुमाले बी तसंच सांगते.

गडचांदूरकडं एका सिमेंट कंपनीच्या कॉलनीत साहेब लोकायसाठी गोल्फचं लहानसं मैदान होतं, भंतेजीच्या ओळखीनं याईले तिथी शिकवाचं काम भेटलं. खदानीची भुकटी गवतावर बसे, पानी मारल्याशिवाय हिरवं दिसे नाई. हे साहेबायले लांबचे टोले मारून दाखवत, पाहनारे पाहतच राहत. पन भोकाजवळ आले का काठी बगलेत मारत अन् म्हनत, आता इथून समोर तुमचं तुमी. कितीक वर्सं गेली, लोकायसमोर तो लहान टोला याईनं मारला नाई. घरी मात्र मारत. सैपाकखोलीत स्टीलचा गिलास आडवा ठेवत, मी भाजी चिरत बसलेली, अन् बॉल टन्न करून गिलासात. एक बी चुके नाई, हात असा थंड. मी म्हनो, पाहा, गेला तुमचा रोग. हे हासत. लेकरू आमाले झालं नाई, तं तो गिलासाचा आवाज हाच आमच्या घरातला आवाज होता म्हना.

तिकडं जपानात पन्नाशी झाली का मोठ्या वयाच्या खेळाडूयच्या स्पर्धा वेगळ्या असतात, त्यात शिराले एक परीक्षा खेळा लागते. हे मनातल्या मनात त्या पन्नाशीचीच वाट पाहून राह्यले होते, मले मालूम नोतं. एक दिवस जेवता जेवता म्हनले, जाऊन पाहू का? मी म्हनलं, जाऊ. त्या हिवाळ्यात आमी गावी येऊन राह्यलो, धान निघालेल्या वावरायच्या बांध्यायमधी हे दिवसभर बॉल मारत, लोक धुऱ्यावर बसून पाहत, म्हातारे म्हनत जवाई काठीनं साप मारते का काय. लय चांगले दिवस होते ते.

गेलो मंग. काठ्यायची पिशवी मी धरली, तिकडं बाया बी धरतात, कोनाले नवल नाई. काय सांगू तुमाले, असे खेळले, असे खेळले, संगचे खेळाडू थांबून पाहू लागले. अन् शेवटच्या भोकापाशी बॉल येऊन थांबला, किती दूर, तं ह्या पाटापासून त्या माठापर्यंत. हा पडला का पास, ते मले बी कळत होतं. मी भोकातला झेंडा काढून बाजूले उभी राह्यली. त्याईच्या तोंडाकडं नाई पाह्यलं, हाताकडं पाह्यलं. काठी मांगं गेली तवर तो हात आमच्या घरचा होता, समोर येताना तो दुसऱ्याच कोनाचा झाला. बॉल कडंनं निघून गेला. परतून मारला, तो बी पडला नाई.

याईनं टोपी काढली, सगळ्यायले वाकून नमस्कार केला, अन् माह्यापाशी येऊन म्हनले, चाल व, घरी जाऊ. आपल्या बोलीत म्हनले. घर म्हनजे हे, इथलं.

निघाच्या अगोदर सासऱ्याले भेटाले गेलो. सासू कवाच गेली होती, म्हातारा अंथरुनावर. एकच इचारलं, हात? याईनं नाई म्हनून मान हालवली. म्हातारा भिंतीकडं वळला, आमी निघेपर्यंत इकडं वळला नाई. तो गेल्याचा फोन पुढच्या साली आला, तवा काई जानं झालं नाई.

इकडं खदान सरकत सरकत कॉलनीच्या मांगं आली, मैदान त्यात गेलं, काम सुटलं. माय-बाबा दोघं बी राह्यले नोते, आमी त्याईच्या ह्या घरी आलो. याईनं काठीले पुन्हा हात लावला नाई. मंग एक दिवस चहाचा कप धरला तं बशीत वाजाले लागला. अगोदर उजवा हात, मंग डावा, मंग पायच उचलत नोते. नागपूरच्या डॉक्टरनं पाह्यलं, म्हनला, कंपवात हाय, बरा होत नाई, गोळ्यायनं थोडा दबते. तवा मी त्याले ती जुनी गोष्ट सांगतली, हात झटकाचा ती. त्यानं नीट ऐकून घेतलं, म्हनला, तो हा आजार नोता, वेगळा होता, पन भेव बी नसन तो. एकच काम वर्सानुवर्सं करनाऱ्या हाताच्या नसा कधी कधी अशा बिघडतात, लिहिनाऱ्यायले होते, वाजवनाऱ्यायले होते. त्यात मानूस भित्रा असाचा काई संबंध नाई.

मी ते याईले जपानीत सांगतलं. म्हनले, पुन्हा सांग. पुन्हा सांगतलं. मंग गाडीत बसलो. अन् नागभीडले म्हनले, माह्या बाबाले हे आता कोन सांगन?

मले वाटलं होतं, डॉक्टरच्या बोलन्यानं मन हलकं होईन. उलटंच झालं, भाऊ. अगोदर दुःख होतं का आपन भित्रे हावो. आता दुःख हे, का भित्रे नसून बी भित्रे म्हनून सारी जिंदगी काढली. हे दुःख कोनाच्या पदरात टाकाचं? बाप तर गेला.

आता सकाळी मी याईले आंघोळ घालते, गुंड्या लावते, चमच्यानं चारते, अन् शाळेत खिचडी शिजवाले जाते. दुपारी येऊन पाहते तं जसे बसवले तसेच बसून असतात. बाया म्हनतात, धाडून द्या त्याईच्या देशात, तिकडं सोयी असतात. कोनापाशी धाडू? तिकडं आता त्याईचं म्हनावं असं कोनी नाई. अन् इथी आपली मराठी बी ते इसरत चालले, आता जपानीच बोलतात, ते गावात एकट्या मलेच समजते. उद्या मी नाई राह्यली अन् त्याईनं पानी मांगतलं, तं कोनाले कळनार नाई का हा मानूस पानी मांगून राह्यला. म्हनून मनात एकच येते, अगोदर त्याईले जाऊ दे, मंग मले. बायकोनं नवऱ्याबद्दल असं मनात आनू नाई म्हनतात. मी वंदनेले बसली का रोज तेच आनते.

तुमचं बरं होवो, भाऊ, इतकं बसून ऐकलं. आता निघा, सांजच्या वक्ती रस्त्यावर वाघ निघते.